देश मोजणाऱ्यांनो, जरा थांबा!

गेल्या मे महिन्यात आमचे साडू सहकुटुंब सहपरिवार ‘युरोप करून’ आले. ‘करून आले’ हा शब्दप्रयोग त्यांचा, माझा नव्हे. आपल्याकडे माणसे काशी करतात, रामेश्वर करतात. पण करायला गेलेला माणूस निदान तिथे चार रात्री पाठ तरी टेकतो. साडूंनी दहा दिवसांत सात देश केले. आल्या आल्या पेढे घेऊन आमच्याकडे आले, सोफ्यावर बसले आणि टेलिफोनमधली चारशे छायाचित्रे मला एकामागून एक दाखवू लागले. त्यांतल्या एका चित्रात पिसाचा वाकडा मनोरा होता आणि साडू दोन्ही हातांनी त्याला सावरीत होते. पुढच्या चित्रात त्यांच्या सौ. सावरीत होत्या, त्याच्या पुढच्यात चिरंजीव. मागे आणखी वीस-पंचवीस माणसे निरनिराळ्या दिशांना हात करून हवेला ढकलीत होती.

मी विचारले, “त्या मनोऱ्याशेजारी एक गोल इमारत दिसते, बाप्तिस्म्याची. तिच्यात निकोला पिसानोने १२६० साली घडवलेले संगमरवरी व्यासपीठ आहे. ते पाहिलेत का?”

“वेळच कुठे होता, मास्तर! पाऊण तास दिला होता. त्यातली वीस मिनिटे लघुशंकेच्या रांगेत गेली.”

त्यांनी हे हसत सांगितले, मीही हसलो. पण ते गेल्यावर मला चैन पडेना. पुढच्या आठवड्यात तेच साडू त्याच यात्रा कंपनीचे रंगीत पत्रक घेऊन पुन्हा दारात उभे राहिले. “मास्तर, तुमचे इटलीला जायचे चालले आहे ना? उगाच डोके कशाला शिणवता? यात इटलीचे अडीच दिवस आहेत. रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस, सगळे उरकते.” या ‘उरकते’पाशी माझ्या रागाचा पारा चढला आणि हा लेख लिहायची बुद्धी झाली.

माझा पक्ष सरळ आहे. ज्याच्यापाशी सहा-सात दिवस आहेत, आईवडील आणि मुले बरोबर आहेत आणि खिशाला भोक पडण्याची भीती आहे, त्याने इटलीत एकच गाव धरावे. तिथे एक बिऱ्हाड करावे, स्वयंपाकघर असलेले. रोज सकाळी आगगाडीने कुठे जवळपास जावे आणि रात्री त्याच अंथरुणावर परत यावे. रोज पहाटे साडेपाचला बॅगा दाराबाहेर ठेवून बशीत बसणे याला मी प्रवास म्हणायला तयार नाही. ती मालवाहतूक झाली. फरक इतकाच की इथे माल स्वतः पैसे भरतो!

यात्रा कंपन्यांच्या बाजूने जे बोलायला हवे ते मी बोलतो. नाही तर साडू म्हणतील, मास्तरांनी एकतर्फी निकाल दिला. ज्यांना भाषेची धास्ती वाटते, ज्यांची मुले परदेशी आहेत आणि घरी दोघेच म्हातारे, त्यांना व्हिसापासून वरणभातापर्यंत कुणी हाताला धरून नेत असेल तर त्यात वावगे काही नाही. परमुलखात गरम वरणभाताला हसणाऱ्यांतला मी नव्हे. माझी तक्रार वरणभाताबद्दल नाही, यादीबद्दल आहे. पाहिलेल्या गावांची यादी हीच ज्याची मिळकत, तो गाव पाहीलच कशाला? त्याला फक्त पाटी पुरते.

माझी आई माळकरी आहे. बारा वाऱ्या केल्या आहेत तिने. साडूंचे पत्रक तिने चष्मा लावून पाहिले आणि विचारले, “अरे, एवढी गावं? आम्ही दरसाल त्याच वाटेनं जातो, त्याच झाडाखाली बसतो. आम्हाला कुणी विचारलं नाही, यंदा गावं किती झाली म्हणून.” तिच्या या एका वाक्यावर मी हा लेख संपवला असता तरी चालले असते. पण साडूंसारख्या व्यवहारी माणसाला आकडे लागतात. तर आकडे घ्या.

आम्ही माणसे पाच: मी, सौभाग्यवती, आई, पंधरा वर्षांची कन्या आणि नऊ वर्षांचे चिरंजीव. शेंगेन व्हिसाची फी २०२४ सालापासून मोठ्या माणसाला ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ४५. म्हणजे आमचे ४०५ युरो दारातच गेले. युरोला शंभर रुपये धरून हिशेब केला तरी चाळीस हजारांवर. शिवाय प्रत्येकाचा निदान ३०,००० युरोंचा विमा हवा. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांच्या आत आणि पंधरा दिवसांच्या बाहेर करावा लागतो. हा खर्च एका गावासाठी तेवढाच आणि सात देशांसाठीही तेवढाच. साडूंचे म्हणणे, म्हणूनच सात देश करावेत, पैसे वसूल होतात! या तर्काने पंगतीला बसलेल्या माणसाने पानात वाढलेले तर खावेच, पण शेजारच्याचेही ओढावे.

आता गाव कोणते? इथे घरात मोठा तंटा माजला. सौ.ला रोम हवे, कन्येला व्हेनिस. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही, पण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना वीस वर्षे यथार्थदर्शन शिकवीत आलो आहे, तेव्हा माझे मत फ्लॉरेन्सकडे. शेवटी ठरले ते या तिन्हींपैकी एकही नाही. ठरले बोलोन्या.

कुणी म्हणेल, बोलोन्यात आहे काय? तिथे ओसऱ्या आहेत. कमानींनी झाकलेले रस्त्याकडेचे पायरस्ते, गावभर मिळून सुमारे ६२ किलोमीटर. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. वरच्या मजल्यावरच्या खोल्या रस्त्यावर पुढे ओढल्या आणि खाली वाटसरूला छप्पर झाले, अशी ही शेकडो वर्षांची सोय. सान लुकाच्या टेकडीवर जाणारी ओसरी एकटीच ६६६ कमानींची, जवळजवळ चार किलोमीटर. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जाणार. नोव्हेंबरात त्या सपाटीत धुके आणि रिपरिप असते. म्हाताऱ्या माणसाला छत्रीशिवाय गावभर फिरता येते असे ठिकाण मला दुसरे माहीत नाही. १०८८ सालापासूनचे विद्यापीठ आहे, म्हणजे गावात विद्यार्थी, आणि विद्यार्थी तिथे स्वस्त खाणे हे ओघानेच आले. वाकडा मनोरा हवाच असेल तर तोही आहे! गारिसेंदा नावाचा, सुमारे चार अंशांनी कललेला, इतका की चौदाव्या शतकात त्याची उंची उतरवावी लागली. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच्याभोवतीचा रस्ताही बंद करून टाकला. त्याला हात लावून सावरायला कुणी जाऊ नये. त्याला खरोखरच सावरायचे काम चालू आहे.

पण बोलोन्याचा खरा गुण त्याच्या स्टेशनात आहे. चहूकडचे रूळ तिथे येऊन मिळतात. आपेनाइन डोंगर पोखरून २००९ साली वेगवान मार्ग झाला, तेव्हापासून फ्लॉरेन्स जेमतेम चाळीस मिनिटांवर आले. कल्याणहून दादरला जायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी! पादुआ तासाभरावर, राव्हेन्ना तासाच्या थोडे वर, फेरारा आणि मोदेना त्याहूनही जवळ. वेगवान गाडीचे तिकीट जितके आधी काढाल तितके स्वस्त पडते. साध्या पॅसेंजरचे दर मात्र ठरलेले असतात, तेव्हा ते त्या दिवशी सकाळी हवापाणी पाहून काढावे. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उठवून घ्यायला विसरू नये. तिकीट असून दंड भरण्यासारखे दुःख नाही. त्याच स्टेशनावर एक घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबलेले दिसेल. ते बिघडले आहे असे समजून कुणी थट्टा करू नये. २ ऑगस्ट १९८० रोजी त्या वेळी तिथे बॉम्ब फुटला आणि ८५ माणसे गेली.

फ्लॉरेन्सला जाण्याचा दिवस सोमवार नसावा. उफित्सी आणि मायकेलँजेलोचा डेव्हिड असलेली आकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. सरकारी संग्रहालयांत अठराखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो. आमची दोन तिकिटे वाचली. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच मोफत असते, पण आईला घेऊन त्या गर्दीत शिरण्यापेक्षा मी पैसे भरीन. शिवाय माझे पहिले काम स्टेशनासमोरच आहे. रस्ता ओलांडला की सान्ता मारिया नोव्हेल्लाचे देऊळ. तिथल्या भिंतीवर १४२७ च्या सुमारास मसाच्चोने ‘त्रिमूर्ती’ रंगवली. सपाट भिंतीत कमानीचे छत आत आत गेलेले दिसते, आणि सगळ्या रेषा एका बिंदूत मिळतात. हा बिंदू मी फळ्यावर खडूने किती वेळा काढला असेल! माझ्या कन्येची यंदा इंटरमिजिएटची परीक्षा. तिने त्या भिंतीसमोर अर्धा तास उभे राहावे एवढीच माझी इच्छा. यात्रा कंपनीच्या पत्रकात हे देऊळ नाही. असायचे कारणही नाही. त्याच्यासमोर गमतीचे छायाचित्र निघत नाही.

पादुआची गंमत याच्या उलट. स्क्रोवेन्यीच्या प्रार्थनामंदिरात जॉत्तोने १३०३ ते १३०५ च्या सुमारास रंगवलेल्या भिंती आहेत. आधी नाव नोंदवावे लागते. मग पंचवीसच्या आत माणसे एका काचेच्या खोलीत पाव तास बसवतात, हवा कोरडी होऊ देतात आणि नंतर पाव तास आत सोडतात. माणसाच्या श्वासाने रंग खराब होतात, म्हणून. चाळीस माणसांच्या बशीला हे कसे परवडणार? पण मला त्या काचेच्या खोलीविषयी आदर वाटतो. पाहण्याआधी पंधरा मिनिटे गप्प बसायला लावणारे ठिकाण जगात आणखी कुठे आहे?

इथे दुसऱ्या पक्षाचे स्वदेशी टीकाकार उठतील. “मास्तर, अजिंठा उशाशी असताना इटली कशाला?” अजिंठ्याला मी सात वेळा गेलो आहे, मुलांना घेऊन. १९२० साली निजाम सरकारने तिथली चित्रे वाचवण्यासाठी इटलीतूनच लोरेन्झो चेक्कोनी यांना आणले होते. निसटते रंग त्यांनी पक्के केले हे खरे, आणि त्यांनी वर दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे-काळे पडले हेही खरे. ओल्या गिलाव्यावरची इटलीची चित्रे आणि सुक्या गिलाव्यावरची आपली चित्रे यांतला फरक मी पुस्तकात वाचून शिकवीत आलो. तो एकदा डोळ्यांनी पाहायला मिळावा, एवढ्याने माझे स्वदेशप्रेम बाटेल असे वाटत नाही.

तिसरा आक्षेप कन्येने घेतला, आणि तो सर्वांत अवघड. “बाबा, तुम्ही साडूकाकांना नावे ठेवता, पण सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणारे आपणही दिवसाचेच पाहुणे ना?” मुद्दा बिनतोड होता. व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी अशाच पाहुण्यांवर ५ युरोंची पट्टी बसवली. २०२५ मध्ये आयत्या वेळी येणाऱ्याला ती १० युरो झाली. रात्री राहणाऱ्याला माफ. म्हणजे माझ्यासारख्याला त्या गावाने तोंडावर सांगितले की बाबा रे, तू नकोस. मी ते ऐकले आणि व्हेनिस गाळले. कन्या दोन दिवस बोलली नाही. तिला सांगितले आहे, व्हेनिसला तू मोठी झाल्यावर जा आणि तिथे चार रात्री राहा. जी गावे पाहुण्याला कंटाळलेली नाहीत तिथे आपण दिवसाचे पाहुणे होऊ. हे उत्तर तिला पटले असे नाही. मलाही पुरते पटलेले नाही.

खाण्याचा प्रश्न चुटकीसरशी सुटतो, स्वयंपाकघर असेल तर. बोलोन्या मांसाहाराचे गाव; आणि तिथले जगप्रसिद्ध पार्मेजान चीजही वासराच्या जठरातल्या रसाने विरजतात, हे माळकऱ्याने ध्यानात ठेवावे. फेराराला तांबड्या भोपळ्याचे सारण भरलेली पुरचुंडीसारखी पास्ता मिळते, तीत हेच चीज असते. आईला मी ते खाऊ घालणार नाही. पण युरोपातला सर्वांत जास्त तांदूळ इटलीतच पिकतो, त्याच पो नदीच्या खोऱ्यात. व्हेर्चेल्लीच्या खाचरांत पूर्वी हजारो बाया गुडघाभर पाण्यात लावणीला आणि बेणणीला उभ्या राहत, अगदी आमच्या माणगाव तालुक्यातल्यासारख्या. त्यांचा आर्बोरियो तांदूळ बुटका आणि चिकट. मऊभाताला तो उत्तम लागेल असे माझे मत, सौ.ला शंका आहे. मेतकूट आपल्याकडून नेऊ. पेढे आणि तूप मात्र नेऊ नये. दुधाचे व मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. आणखी एक: तिथे कुणाच्या घरी जायचे झाले तर शेवंती नेऊ नये. आपल्या दसरा-दिवाळीचे ते फूल तिथे १ आणि २ नोव्हेंबरला कबरींवर वाहतात.

आता जे मी साडूंना अजून सांगितलेले नाही ते सांगतो.

आमच्या बेतात एक दिवस फोर्लीचा आहे. साडूंनी यादी पाहून विचारले होते, “फोर्ली? हे कुठले आणि काय आहे तिथे?” बोलोन्याहून राव्हेन्नाला जाताना लुगो आणि बान्याकावाल्लोच्या मधे गाडी सेनियो नावाची एक लहानशी नदी ओलांडते. ९ एप्रिल १९४५ रोजी त्या नदीच्या बांधावर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीतल्या शिपाई नामदेव जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना सुरुंगांतून आणि पाण्यातून पाठीवर आणले, मग एकट्याने मशीनगनचे मोर्चे मोडले आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी, १० जुलै १९४४ ला, टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले. ते आमच्याच माणगाव तालुक्यातले. तेव्हा भारताच्या तीन डिव्हिजन, चौथी, आठवी आणि दहावी, त्या देशात लढत होत्या. पत्रकात हे कुठे आहे? आमच्याच लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या कंपन्या आमच्याच लोकांना त्याच भागातून बशीने नेतात आणि खिडकीतून वाइनचे मळे दाखवतात!

आईचे धाकटे चुलते त्याच पलटणींतल्या एकीत होते. ते १९४४ च्या हिवाळ्यात गेले. तार आली ती आईच्या आजीने कुणाला वाचू दिली नाही; पुढली पाच वर्षे दिवाळीला त्यांच्या नावचे उटणे बाजूला काढून ठेवले जाई. आईने त्यांना पाहिलेलेही नाही, तिचा जन्म नंतरचा. फोर्लीच्या बाहेर, राव्हेन्नाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भारतीय सैन्याचे युद्धस्मशान आहे. मुसलमान सैनिकांच्या तिथे कबरी आहेत. ज्या हिंदू-शिखांना अग्नी दिला त्यांची नावे स्मारकावर कोरली आहेत. राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशान आयोगाच्या नोंदी आता कुणालाही घरबसल्या शोधता येतात. गेल्या फेब्रुवारीत कन्येने ते नाव शोधून काढले. आडनावाचे स्पेलिंग चुकलेले होते, गाव बरोबर होते.

तेव्हा बेत असा ठरला आहे. बोलोन्याच्या विमानतळावर उतरायचे. तिथून एकेरी रुळाची गाडी सात मिनिटांत स्टेशनाशी सोडते. पहिला दिवस गावातच, ओसऱ्यांखाली. मग फ्लॉरेन्स. त्यानंतर एक दिवस काहीही नाही. हा ‘काहीही नाही’चा दिवस मी भांडून मिळवला आहे. मग पादुआ, मग राव्हेन्ना, आणि शेवटचा दिवस फोर्ली. राव्हेन्नात गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीतले निळे छत आईला आवडेल, रांगोळीसारखे खड्यांचे काम आहे ते, पंधराशे वर्षांपूर्वीचे. तिथेच दान्तेचीही समाधी आहे. फ्लॉरेन्सने त्याला हद्दपार केले, तो १३२१ साली राव्हेन्नात मेला, आणि आता त्याच्या समाधीवरच्या दिव्यासाठी फ्लॉरेन्स दरसाल सप्टेंबरात तेल पाठवते. आईला मी हे सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही.

काल मात्र बॅगा भरताना तिने दोन मातीच्या पणत्या आणि वातींची पुडी माझ्या शर्टांच्या घडीत ठेवली. मी म्हटले, “अगं, तेल विमानात नेता येत नाही.” ती म्हणाली, “तेल तिथं मिळत नाही होय?”

मिळते. ऑलिव्हचे, वाण्याच्या दुकानात. स्मशानाच्या रखवालदाराला आधी विचारावे लागेल.